‘आपण’ म्हणजे कोण कोण

देवळी, शनिवार

तीर्थरूप जयवंताताईस,

धाकट्या बंडूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तळेगावात सगळे सुखरूप असतील आणि भाऊजींचा गुडघा त्यांना आता पायऱ्या चढू देत असेल, असं धरून चालतो. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. बसून वाच. तुझ्या भावजयीनं, आमच्या अन्नपूर्णेनं, काल भर बाजारात बबनरावांची सभा उलटवली, आणि मी पहिल्या रांगेत होतो.

बबनराव म्हणजे मागच्या निवडणुकीत पडलेले आणि पुढच्या निवडणुकीला उभे राहणारे. सीमेवर तणाव वाढल्यापासून ते रोज नवा फेटा बांधतात. युद्ध झालंच पाहिजे असा ठराव देवळीनं दिल्लीला पाठवावा, म्हणून त्यांनी सभा घेतली. अन्नपूर्णा वांगी घ्यायला निघाली होती. पहिल्या रांगेत सावली होती, म्हणून घडीभर टेकली (देशाचा प्रश्न तिच्या मनात तोवर नव्हता, असं मी समजत होतो). भाषण मात्र उत्तम होतं. काय ती घोटीव वाक्यं. आपण आता थांबणार नाही, आपण घराघरातून एकेक वीर देऊ, आपण रक्ताचा शेवटचा थेंब सांडू. मिरचीवालासुद्धा तराजू खाली ठेवून टाळ्या वाजवत होता.

तेवढ्यात अन्नपूर्णा पिशवी सावरत उभी राहिली. म्हणाली, “भाऊ, एक विचारतो. तुमी आपण-आपण म्हणून राह्यले, त आपण म्हंजे कोण कोण?”

बबनराव हसून म्हणाले, “आपण म्हंजे सारा जिल्हा, वयनी.”

“मंग तुमचा नीलेशबी?”

नीलेश, म्हणजे त्यांचा मुलगा, मंचाच्या कडेला उभा राहून वडिलांचा व्हिडिओ काढत होता. त्याचा मोबाईल हळूहळू खाली आला. बबनराव म्हणाले, त्याला पाठीचा त्रास आहे.

“अन् आमच्या रोशनले पाठ नाई काय?” अन्नपूर्णा म्हणाली.

ताई, तुझ्या रोशनचं नाव तिथं असं निघालं. आपली नणंद तळेगावात रोज फोनकडे पाहत बसते, पोरगा सीमेवर कुठल्या चौकीवर आहे हेही तिला ठाऊक नाही, हे अन्नपूर्णेनं साऱ्या बाजाराला सांगितलं. बबनराव म्हणाले, हा भावनेचा प्रश्न आहे. त्यावर ती म्हणाली, “भावना आमची, पोरगा आमचा. तुमचा निस्ता माईक हाये.”

मग त्यांनी घाईघाईनं ठराव मताला टाकला. सगळ्यांचे हात वर. अन्नपूर्णा मागे वळली आणि म्हणाली, ज्याच्या घरचं कोणी जाईन, त्यानंच हात वर ठेवा. ताई, वारा पडल्यावर पतंग उतरतात तसे हात उतरले. (माझाही वर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोकं खाजवत तो खाली आणला.)

सभा सावरायला बबनरावांनी सत्कारासाठी बोलावलेल्या रूपरावांच्या हाती माईक दिला. रूपराव जुने फौजी, छातीवर पदकं. त्यांनी आधी सत्काराचा हार काढून ठेवला. मग म्हणाले, “लढाई अंगावर आली त लढाच लागते. मी लढलो. पण माह्या बाजूचा पोरगा मरतानी पानी मांगत होता, घोषणा नाई देऊन राह्यला होता. पोरं धाडाची असन त कारण खरं सांगा. अन् दुसरा उपाय सरला काय, थे आधी सांगा.” एवढं बोलून त्यांनी माईक अन्नपूर्णेपुढे धरला. ती म्हणाली, मले काई बोलाचं नाई, मले वांगे घ्याचे हायेत. बबनरावांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

आज सकाळी एक जण दारात येऊन तिला म्हणाला, तुम्ही देशाविरुद्ध बोलल्या. ती शांतपणे म्हणाली, “देशाले म्या काईच विचारलं नाई. बबनरावले विचारलं.” माझा ऊर असा भरून आला की हातातला चहा थंड झाला.

भाऊजींना नमस्कार कळव.

तुझाच,
बंडू

ता. क. – ते भाषण मीच लिहिलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. बबनराव दारात आले आणि मी पाघळलो. शेवटचा थेंबही माझाच. तो लिहिताना रोशन एकदाही मनात आला नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आणखी एक – अन्नपूर्णेला हे आधीच ठाऊक होतं. कच्चा कागद तिनं वाचला होता. वांग्याची भाजी तिनं वाढली, पण कालपासून माझ्याशी एक शब्द नाही. भाषण तुम्ही लिहिलं हे रोशनला स्वतः सांगा, मग बोलीन, असा निरोप तिनं शेजारच्या काजलकडून धाडला. रोशनचा फोन तुलाच येतो. आला की त्याला म्हण, मामाला एकदा लाव. काय बोलायचं ते लिहायला बसलो होतो, कागद फाडून टाकला. आधी जेवला का विचारीन, मग पाहू.