बोरच्या पाण्याचा गिझर

बाबा, आज सकाळी जऊळक्याच्या सासरच्या घरातला गिझर उघडला. काही दिवसांपासून तो खडखड वाजत होता, लाल दिवा लागायचा पण पाणी कोमटच यायचं. बोरच्या पाण्यामुळे हे आता दरवर्षीचंच झालं आहे. मेन स्विच पाडला, पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी करून खालचं झाकण सोडवलं. कॉइलवर खार इतका चढला होता, की ती बेसनात घोळून काढल्यासारखी दिसत होती. पाटावर बसून बांबूच्या कामटीने तो खरवडत होते आणि तुमच्याशी बोलायचं राहिलेलं सगळं वर आलं. म्हणून लिहायला बसले.

दहावीचा निकाल लागला ती संध्याकाळ आठवते. किन्हीराजा गावातल्या आपल्या घरी आई भाकरी थापते आहे, तुम्ही जेवायला बसला आहात आणि मी हिंमत करून म्हणते, "बाबा, मले आयटीआयले जायचं हाय. वायरमनचं शिकायचं हाय." तुमचा घास हातातच राहतो. "खांबावर चढशीन काय तू? पोरीच्या जातीले शोभते काय हे?" मी म्हणते, "घरातला फ्यूज कोण बांधते मंग?" तुम्ही ताटाकडे बघत म्हणता, "घरातलं घरात. बाहेर नाही." आईची तव्यावरची भाकरी करपली. थोड्या दिवसांनी तुम्ही शेलूबाजारहून जीपच्या टपावर बांधून शिलाई मशीन आणलं. ते उतरवताना घामाघूम झाला होता तुम्ही, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हसले नाही. ते मशीन मी शिवायला कमी आणि उघडून पुन्हा जोडायला जास्त वापरलं. शेजारपाजारच्या इस्त्र्या, मिक्सर माझ्याकडे दुरुस्तीला यायला लागले. तुम्ही ते पाहायचात, आणि न पाहिल्यासारखं करून शेताकडे निघून जायचात.

मग माझं लग्न झालं, पुढे आई गेली, आणि तुम्हाला लकवा मारला. चालता-बोलता येत होतं, पण उजव्या हाताची बोटं आखडली. डॉक्टरांनी हात रोज गरम पाण्यात ठेवायला सांगितला, म्हणून आम्ही तुमच्या न्हाणीत गिझर बसवून दिला. पुढच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे राहायला आले, तर गिझरचं बटन दाबलं की मेन पडायचा. शेलूबाजारचा मिस्त्री लग्नाच्या मंडपात लाइटिंग लावायला गेलेला. फोनवर म्हणाला, "ताई, पुढच्या हप्त्यात पाहू." तुम्ही अंगणात बाजेवर बसून डाव्या हाताने उजवा हात चोळत होता. मी तुमच्या पेटीतून टेस्टर आणि पाना काढला.

"हात नको लावू. करंट लागन."

"मेन पाडला बाबा. टेस्टरनं बी पाहिलं."

तुम्ही खुर्ची ओढत न्हाणीच्या दारात आणून बसलात आणि डाव्या हाताने बॅटरी धरलीत. उजेड भिंतीवर थरथरत होता. मी झाकण उतरवलं. खाराखाली कॉइल वाकणात तडकली होती. तिथून पाणी आत शिरत होतं, म्हणूनच मेन पडत होता. ती पिशवीत घालून मी जीपने शेलूबाजारला गेले. दुकानदार म्हणाला, "मिस्त्रीले पाठवा ताई, झाकणाचं रबर बी बदलावं लागन." मी म्हटलं, "मिस्त्री मीच हाय. रबर द्या, अन् मॅग्नेशियमची कांडी बी द्या." घरी येऊन हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही किती दिवसांनी हसलात. कांडी हातात घेऊन विचारलंत, "हे कायले लागते?" मी सांगितलं, पाणी टाकीच्या आधी हिला खातं, म्हणून टाकी टिकते. ही संपली की बदलायची. तुम्ही शाळेतल्या पोरासारखी मान हलवलीत.

सगळं बसवून झाल्यावर तुम्हाला धीर निघेना. "लाव न आता बटन!"

"थांबा! टाकी भरू द्या आधी. नळाले धार आल्याबिगर बटन लावलं त कॉइल जळून जाईन."

जन्मात पहिल्यांदा मी तुमच्यावर आवाज चढवला होता, आणि तुम्ही थांबलात. नळ आधी फुरफुरला, पांढरट पाणी आलं, मग नितळ धार लागली. मी मेन वर केला, बटन दाबलं. मेन पडला नाही. पाणी तापल्यावर बादली भरून तुमच्यापुढे ठेवली, माझ्या हाताने आधी अंदाज घेतला आणि तुमचा हात आत सोडला. बोटं हळूहळू उलगडायला लागली. बादलीतच बघत तुम्ही म्हणालात, "तुले शिकू द्यायले पायजे होतं मी. चुकलंच माह्यं."

मी पाना पुसत होते. "जाऊ द्या बाबा," म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या पावसाळ्याआधीच तुम्ही गेलात. तोवर मी कितीदा तरी आले, गिझर साफ केला, तुमची बोटं चोळून दिली, आणि आपण सोयाबीनवर, पाहुण्यांवर, गावातल्या भांडणांवर बोललो. वायरमनचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाही, मीही नाही. जीप आयटीआयवरून जायची तेव्हा मी मान दुसरीकडे वळवायचे, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही नेमके कुणाला भ्यायला होता, खांबाला की भावकीला, हेही विचारायचं होतं. आता गावातल्या बाया मला गिझर बघायला बोलावतात. मी जाते, काम होतं, आणि घरी येताना उगाच जड वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मलाही माहीत नाही. घडी घालून ठेवून देईन. त्या दिवशी 'जाऊ द्या' म्हटलं, ते काही मनातून सगळं गेलं म्हणून नाही बाबा. तुम्ही 'चुकलंच माह्यं' अजून एकदा म्हणावं, असं मला वाटत होतं. शेवटपर्यंत मी त्याची वाट पाहत होते.