मावशीची रिकव्हरी आणि माझी कॉलर

४ जानेवारी
यमुमावशीचं ऑपरेशन नीट झालं. कॅन्सरमुळे उजवा स्तन काढला होता, तिथे आता इम्प्लांट बसवलं. मौद्याहून तिचे दीर आले. म्हणे, या वयात हे कशाले पाहिजे? मी विचारलं, तुम्ही केस काळे करता ते कशाले? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. मावशीचं म्हणणं साधं आहे: ब्लाउज दोन्हीकडून सारखा बसला पाहिजे, बस.

५ जानेवारी
सिस्टर सोनिका. मास्कच्या वर फक्त डोळे. पुरे आहेत.
ती सांगत होती: ताप, लाली, एकाच बाजूला सूज, वाढतं दुखणं, यातलं काही दिसलं की लगेच फोन. उजव्या हातानं ओढायचं नाही, उचलायचं नाही, आत रक्त साचू शकतं. पुढे कधी इम्प्लांटभोवती कडक आवरण धरतं, कधी ते फुटतं. समजलं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळं.
आजपासून कॉम्प्लिकेशन विभाग माझ्याकडे. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं म्हणून बाबा रिकामटेकडा म्हणतात ना? बघा आता.

७ जानेवारी
मावशी आमच्याकडे, जरीपटक्याला. सोनिकाला सकाळी फोन: कडक आवरण धरलं असेल का? म्हणे, त्याले महिने लागतात. दुपारी फोन: मावशी शिंकली, फुटलं असेल का? म्हणे, मले जेवू द्या. म्हणजे आता ती जेवणाचंही मला सांगते.
संध्याकाळी पुन्हा केला. म्हणे, यापुढे मावशीलेच करू द्या फोन.
ठीक आहे. आपल्यालाही स्वाभिमान आहे. आता मरेपर्यंत फोन करणार नाही.

९ जानेवारी
रामदासपेठेत, हॉस्पिटलात ड्रेसिंग. आमचा नंबर असताना एक साहेब बायकोला घेऊन सरळ आत घुसले. सोनिका काउंटरवरून बघत होती. अशा वेळी माणसानं बसून राहावं? मी बाह्या सारल्या आणि निघालो. मावशीनं मागून कॉलर अशी ओढली की मी परत खुर्चीत. म्हणे, "काहून गा, ड्रेसिंग माझी आहे का तुही?"
अपमान झाला. पण नोंद घेतली: उजव्या हातात ताकद परत आली. रिकव्हरी फर्स्टक्लास.

९ जानेवारी, रात्री
मावशी म्हणते, आत ताणल्यासारखं होऊन राहिलं. मोबाइलवर वाचलं, थोडा ताण नॉर्मल. आई शेक द्यायला निघाली, मी अडवली. आई म्हणे, मग सिस्टरले विचार. मी? शक्य नाही. सोनिकाला गरज असेल तर ती करेल फोन.

१० जानेवारी
सकाळी उजवी बाजू टम्म. मावशीनं स्वतःच सोनिकाला फोन लावला. लगेच या, म्हणाली. आत रक्त साचलं होतं. पुन्हा उघडून काढावं लागलं. डॉक्टर म्हणे, उशीर केलात, इम्प्लांट राहील का ते दोन दिवसांत कळेल. काय उचललं होतं, त्यांनी विचारलं. मावशी म्हणे, बादली.
कोणती बादली? मी तर तिला तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. माझ्या विभागात हे झालंच कसं?

१३ जानेवारी
इम्प्लांट राहिलं. मावशीनं खाटेवरच ब्लाउजचं माप आईला सांगायला घेतलं.
सुटी देताना सोनिकानं सगळं पुन्हा सांगितलं, फक्त मावशीला. मग माझ्याकडे वळून म्हणे, आता तुम्ही म्हणून दाखवा. ताप, म्हटलं. पुढे डोळेच आठवले.
सोनिका मावशीला म्हणे, पुढल्या वेळी दुसऱ्या कोणाले आणा. मावशी हसली. म्हणे, "हा काही माझ्यासाठी येते का वं? तुह्यासाठी येते." मी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत राहिलो.
सोनिकानं मावशीची उशी सारखी केली. म्हणे, "येऊ द्या मग. पण मावशी, यापुढे बादली डाव्या हातानं ओढा."

१४ जानेवारी
बिनकॉलरचा टी-शर्ट घेतला. ड्रेसिंगला बाबा जाणार आहेत, बादली घरीच राहील.