पेपेरोमियावर पाळत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
बायको पुण्याला गेली. आमच्या स्टेलाला मुलगी झालीय, महिनाभर दीना तिकडेच. रजा संपली की स्टेलाची बदली इथे नगरला. ती बँकेत, दीना सकाळच्या शाळेत शिकवायला. मग आठ ते बारा बाळ कुणाकडे? काल व्हिडिओ कॉलवर मी म्हणालो, मी आहे की! मायलेकी हसल्या. दीनाने खिडकीतली पेपेरोमियाची कुंडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "हे महिनाभर जगवून दाखवा. मग बाळ."
त्यात काय! सुप्याच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. नात माझ्याकडेच राहणार.

४ नोव्हेंबर
इन्स्पेक्शन. पानं अकरा, कलिंगडाच्या सालीसारखे पट्टे. देठ लाल. उंची वीतभर. बाहेर चिनी मातीची कुंडी, तिच्यात काळी प्लास्टिकची कुंडी नुसती ठेवलेली. दीना म्हणते, दहा दिवसांतून एकदा पाणी, बस्स. खिडकीत नुसतं असलं तरी घर भरल्यासारखं वाटतं, काही मागत नाही बिचारं.
काही न मागणाऱ्या माणसावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही. रोज एक तांब्या पाणी घालायचं ठरवलं.

६ नोव्हेंबर
शेजारच्या एस्तेरबाई आल्या. हातात शेंगदाण्याची चटणी, नजर खिडकीकडे. माहेर घोडेगावचं, जनावरांच्या बाजारात वाढलेली बाई. रोपाकडे दात मोजल्यासारखं बघत होती. म्हणाली, "गिदोनदादा, रोज पानी घालू नका वो. झाड हाय ते, म्हैस न्हाई."
रोज घालतो हे हिला कसं कळलं? शिवाय दीनाने अडीअडचणीला म्हणून आपल्या घराची एक किल्ली हिच्याकडेच ठेवलीय. नोंद केली.
चटणी चांगली होती.

८ नोव्हेंबर
पानांनी माना टाकल्या. देठ मऊ. निदान: पाणी कमी पडतंय. दोन तांबे केले. वर शहाळ्याचं पाणी, आजाऱ्याला देतात तसं.

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये उपदेश रंगात आला आणि एस्तेरबाई उठून गेल्या. बीपी म्हणे. घरी येऊन बघतो तर रोप टवटवीत! पानं चौदा! शहाळं लागू पडलं. दीनाला फोटो पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. नुसता अंगठा.
खिडकीखाली थोडी माती सांडलेली. मी सांडलेली नाही.

११ नोव्हेंबर
बेसावध राहून चालणार नाही. प्रत्येक पानामागे बॉलपेनने नंबर टाकले. क्यूसी-१ ते क्यूसी-१४. कुणाला सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर
देठ काळे. वास येतोय. माझ्या माघारी कुणीतरी यात काहीतरी ओततंय. संशयित: एक. पाणी चालूच ठेवलं, जोडीला पातळ ताक.

१६ नोव्हेंबर, रविवार
उपदेशात पुन्हा बीपी. घरी रोप ठणठणीत. पण नंबर गायब! एकूण एक पान पुसलंय! आणि पानं बाराच, म्हणजे दोन चोरीला. एका पानापासून अख्खं रोप होतं, असं दीनाच म्हणाली होती. हेतू सापडला.

१७ नोव्हेंबर
एस्तेरबाई बाजारात गेलेल्या बघून त्यांच्या मागच्या ओट्यावर डोकावलो. तीन काळ्या कुंड्या. एकीत आपल्यासारखंच रोप, टवटवीत. दोन सडलेल्या. एका सडक्या पानामागे पुसट क्यूसी-७. माझंच अक्षर! बाईंना चोरून नेलेलं सांभाळताही येत नाही.
दीनाला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं दोनदा वदवून घेतलं. धक्का बसला असणार. मग म्हणाली, "त्यांना काही बोलू नका. आणि पाणी घालू नका."
पहिलं पाळीन.

२३ नोव्हेंबर, रविवार
देठ पुन्हा मऊ. चर्चला गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा. पडद्याआड स्टूल टाकून बसलो. सव्वादहाला किल्ली फिरली. एस्तेरबाई! हातात पिशवी. मी पडदा सारला. "अगं बाई," म्हणाल्या आणि आल्या पावली पळाल्या. चोराला रंगेहाथ पकडल्याचा आनंद वेगळाच. दुपारीच कुलूप बदललं.

२६ नोव्हेंबर
रोप आडवं. आता चोर येत नाही, तरी ही अवस्था. आधीच्या विषाचा परिणाम. तीन तांबे.

३० नोव्हेंबर
पानं: शून्य. देठ एक, तोही हातात आला. एस्तेरबाई दोनदा कडी वाजवून गेल्या. उघडलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी
दीना, स्टेला आणि बाळ आली. दीनाने कुंडी बघितली, शेजारी गेली आणि ते टवटवीत रोप घेऊन आली. मागून एस्तेरबाई. "तुमी कुलूपच बदाललं, मी काय करनार?"
मग कळलं. स्टेलाला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात दीनाने पानं लावायला घेतली होती. अशी तीन जादा रोपं करून एस्तेरबाईंकडे ठेवली. मी पास व्हावं म्हणून. दोन बदलून झाली. तिसरं मी घरात येऊ दिलं नाही. दीना रागावली नाही. "तिसऱ्यापर्यंत शिकाल असं वाटलं होतं," म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.
स्टेलाने निकाल सांगितला. आठ ते बारा बाळ एस्तेरबाईंकडे. मला अकरा ते बारा भेटायची परवानगी, बाई समोर असताना. पाणी पाजायचं नाही.
बाळाने माझं बोट धरलं होतं. चांगली पाच मिनिटं सोडलं नाही. मला रडू आलं.
डाव्या तळपायाला तीळ आहे. नोंद करून ठेवली. एस्तेरबाईंना बदलाबदलीची सवय आहे.