आई नावाचा चौकोन

आये, आज दुपारी मोबाइलवर 'आई : सफाई पूर्ण' असं वाचलं, म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी मनात बोलायची सवयही मोडली आहे. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तेव्हा पत्र लिहिणं तसं निरर्थकच. पण ते तीन शब्द घरात कोणाला सांगण्यासारखे नाहीत.

आम्ही आता वाशिंदला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा आणि सून सकाळी कल्याणला कामाला जातात. दुपारचा भात मी लावायची. माझ्या हातात एवढंच काम उरलं होतं आणि ते मी सोडणार नव्हते. मुलाने केर काढायचं यंत्र आणलं आहे. परातीएवढं, गोल, चपटं. स्वतःच फिरतं, केर ओढून घेतं आणि काम झालं की भिंतीपाशी आपल्या जागी जाऊन बसतं. पहिल्या दिवशी ते घरभर हिंडलं आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या जुन्या मोबाइलवर घराचा नकाशा उमटला. नकाशावर बोटाने चौकोन ओढायचा, म्हणजे बाकी घर सोडून ते तेवढीच जागा झाडतं. चौकोनाला नाव देता येतं, वेळ लावून ठेवता येते. मी हे शिकून घेतलं. मुरबाडच्या शाळेत जन्म काढला आहे, मला यंत्राचं भय नाही. ओट्याखाली एक चौकोन काढायचा, दारात चपलांपाशी एक काढायचा, असं ठरवून नकाशा उघडला तर तिथे एक चौकोन आधीच होता. जेवणाच्या टेबलापाशी, माझ्या खुर्चीभोवती. नाव, आई. वेळा तीन, चहानंतर आणि दोन्ही जेवणांनंतर.

माझा उजवा हात दोन वर्षांपासून कापतो. डॉक्टर कंपवात म्हणतात. तुझ्या हाताला कोणी नाव दिलं नव्हतं, पण हात तोच. मला वाटायचं, थोडंसं सांडतं, आणि सांडतं ते मी टिपते.

सुनेला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो आई, रोज वाकून पुसताना माझीच कंबर धरते, म्हणून लावून ठेवलं. 'खुर्ची' लिहायचं होतं, घाईत 'आई' लिहिलं." मुलगा आतून ओरडला, "आई, व्हीआयपी झोन दिलाय तुला, तक्रार कसली करतेस?" दोघं हसली. मीही हसले. चांगली मुलं आहेत, रागवायला जागा नाही, आणि तेच जड जातं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेल्यावर मी तो चौकोन काढून टाकला.

तुझा चौकोन तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही. गावच्या घरात सारवलेली जमीन होती. जेवणं झाली की उष्टी काढायची, खरकटं गोळा करायचं आणि त्या जागेवर शेणाचा हात फिरवायचा. तो सगळ्यांच्याच ताटांखाली फिरायचा, त्यामुळे कोणी किती सांडलं हे जमिनीवर उरत नव्हतं. बाबा गेल्यावर तुला मी मुरबाडला माझ्याकडे आणलं. माझ्या घरात शहाबादी फरशी होती. फरशीवर शीत न शीत दिसायचं, आणि ते सगळं तुझ्याच ताटाभोवती. एकदा शाळेतून आले आणि पायाला भात चिकटला. मी पिशवीतून खडू काढला, भिंतीशी चौकोन आखला आणि म्हटलं, "आये, जेवायला इथं बसायचं. याच्या बाहेर सांडायचं नाही." समासाबाहेर लिहिणाऱ्या मुलांशी मी ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात. तू रेघेकडे बघतेस, मग माझ्याकडे. "रेघ मला दिसते गो," म्हणतेस, "भाताला नाय दिसत."

मी हसले नाही.

मग तू जेवण नसतानाही तिथेच बसू लागलीस, पाय पोटाशी घेऊन. "अगं, जेवणापुरतं सांगितलं होतं," मी म्हणायची. "बरी हाय मी हितं," तू म्हणायचीस. पाण्याला उठायचं झालं की वर्गातल्या मुलीसारखी विचारायचीस, "बाई, भायेर येऊ का?" तो टोमणा होता की खरीच परवानगी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फरशी पुसली की खडू जायचा, तरी संध्याकाळी चौकोन पुन्हा असायचा. एक दिवस लवकर आले. तू गुडघ्यांवर बसली होतीस, माझ्या पिशवीतला खडूचा तुकडा हातात घेऊन. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढत होतीस. तू शाळेत गेली नव्हतीस, आयुष्यात खडूने काढलंस ते एवढंच. आणि तुझा चौकोन मी आखला होता त्याहून लहान होता. मी आवाज न करता पायरीवर परत गेले, चपला वाजवल्या आणि मग आत आले. त्याविषयी कधी बोलले नाही. थोड्याच महिन्यांत तू गेलीस.

इथे, चौकोन काढून टाकल्यावर दोन दिवस मीच टिपलं. हात टेकून वाकत होते, दिसेल तेवढं उचलत होते. काल संध्याकाळी खुर्चीच्या पायापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग लागली. सुनेने पाहिली. पर्स ठेवली, फडकं घेतलं, वाकून पुसलं आणि कंबरेवर हात देऊन उठली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, उद्यापासून सकाळी जातानाच भात लावून झाकून ठेवीन. तुम्ही गॅसपाशी नका जाऊ. सांडलं तर सांडलं, पण गरम पातेलं अंगावर आलं तर काय करायचं?" मी विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारून गप्प करत असे. तिचा प्रश्न तसलाच होता. मी मान डोलावली.

आज झाकून ठेवलेला गार भात जेवले. मोबाइल घेतला, मनगट धरलं आणि खुर्चीभोवती चौकोन पुन्हा ओढला. नाव मीच टाकलं. यंत्र आलं, दोनदा पायांना थडकलं. मी पाय वर घेतले. त्याचं झालं, आणि ते तीन शब्द आले.

हे वहीतच राहील. कुठे पाठवायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. एक तेवढं कबूल करते. माझा चौकोन सुनेच्या चौकोनाहून लहान आहे, आणि तो हात कापला म्हणून लहान झालेला नाही.

संध्याकाळी सून आली. तिच्या हाती दिलं : भाताचं पातेलं, झाकणासकट. सांडशी. गॅसचा लायटर. जुना मोबाइल, चौकोन आत आहे तसा.