उसण, लाथ आणि ऋग्वेदाचं कॉलेज

सँडरिंगहॅम, ऑकलंड

ती. दादा,

वाकून नमस्कार, पण आज लिहिते आहे ती रागानेच. देवाच्या कृपेने आमच्या तब्येती बऱ्या आहेत. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू सगळ्यांदेखत माझ्या लेकीला, ऋग्वेदाला म्हणालास, "पाठी मोडायला कॉलेज कशाला? तुझी आई जन्माची पायाळू, एक लाथ मारून गल्लीभराची उसण घालवायची!" सगळे हसले. पोरीने त्या रात्रीच पुस्तकं कपाटात कोंबली. "सोडते मी हे," म्हणते.

अरे, कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके बसवणारी, व्हायला इथे चार वर्षं घासावी लागतात. मणका न् मणका, नस न् नस शिकायची, एक्स-रे वाचायचे, सरांच्या नजरेखाली पेशंट तपासायचे, मग कुठे नोंदणी. मागच्या महिन्यात माझीच कंबर धरली, तिला म्हटलं बघ जरा, तर म्हणाली, "नो आई, आय ॲम स्टिल अ स्टुडंट." हात लावला नाही. मी लाथा मारताना कुणाला विचारत होते?

तुझी राखी करून देवापुढे ठेवली आहे. आधी तिला फोन कर. तिने पुस्तक उघडलं की पोस्टात टाकीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुलाही नमस्कारच, मोठा आहेस म्हणून.

तुझी,
प्रमोदिनी