आईचा कॉम्प्युटर

अण्णा,

मागच्या रविवारी मी घरात कॉम्प्युटर आणला. लॅपटॉप नव्हे. टेबलावर मांडायचा, मोठा पडदा, वेगळा कीबोर्ड आणि पायाशी लोखंडी डबा, असा. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत, आणि त्या न बोलण्यानंच मी चिडले असते. कारण घराघरातून कॉम्प्युटर जाणार, सगळं फोनमध्ये येणार, हे तुमच्याशी भांडून मीच सांगितलं होतं. माझं पोटही इतकी वर्षं त्याच भाकितावर चाललंय. लोकांच्या फोनवर चालणारी ॲप्स आम्ही बनवतो, आणि ऑफिसात कुणी घरच्या कॉम्प्युटरचं नाव काढलं तर तरुण पोरं माझ्याकडेच बघून हसतात, मी वयानं मोठी म्हणून. तेव्हा हे कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळणार नाही.

आपला पहिला कॉम्प्युटर तुम्ही बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरच्या दुकानांतून सुटा सुटा आणला होतात, तीन शनिवार घालवून. मी बारावीत. रविवारची सकाळ, जयनगरच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आईनं जुनी चादर पसरलेली आहे आणि तिच्यावर तुम्ही एकेक भाग मांडताय, कारखान्यात मांडायचात तसा, डावीकडून उजवीकडे. एक कार्ड तुम्ही माझ्या हातात देता. ते खाचेत बसत नाही. मी अंगठ्यानं जोर लावते आणि तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारता. "जोर लावायचा नाही. बसत नाही म्हणजे आपण चुकतोय." मला रडू येतं, कारण तुम्ही कधी हात उगारत नसायचात. मग तुम्ही ते कार्ड उलटं करून पुन्हा माझ्याच हातात देता. ते अलगद बसतं. दुपारी पडद्यावर पहिली पांढरी अक्षरं उमटली तेव्हा तुम्ही आईला स्वयंपाकघरातून हाक मारलीत. ती हाताला लागलेला शेंगदाण्याचा कूट पदराला पुसत आली, बघितलं, "छान आहे की" म्हणाली आणि परत गेली.

मग तो कॉम्प्युटर आपल्या एकट्यांचा राहिलाच नाही. खालच्या मजल्यावरच्या अक्का तर हक्कानं यायच्या. "सार, स्वल्प एक लेटर" म्हणत दारात उभ्या राहायच्या, आणि तुम्ही एका बोटानं त्यांचे पाणीपुरवठ्याचे अर्ज टाइप करून द्यायचात. गल्लीतल्या कितीजणांचे नोकरीचे अर्ज त्या टेबलावर झाले. कॉम्प्युटर हॉलमध्ये होता, त्यामुळे कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसायचं, आणि तुम्हाला तेच आवडायचं. तुम्ही म्हणायचात, घरात एक तरी यंत्र असं हवं की ज्याचं झाकण काढून आत बघता येतं. आई त्याच्यावर घालायला खोळ शिवायची, ती मळली की धुवायची, परत घालायची. तिनं त्याला यापलीकडे कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

आपलं भांडण झालं ते तुम्ही निवृत्त झाल्यावर. तो कॉम्प्युटर थकला होता आणि तुम्हाला नवा जुळवायचा होता. भागांची यादी करून तुम्ही मला दाखवलीत. मी तेव्हा नवीन नोकरीत होते, पर्समध्ये नवा स्मार्टफोन होता, आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. मी यादी वाचलीही नाही. म्हटलं, "अण्णा, आता घरात कॉम्प्युटर कोण ठेवतं? पाच वर्षांत सगळं खिशात येईल." तुम्ही म्हणालात, "खिशात मावतं ते खिशात ठेव की. बसून करायचं काम खिशात कसं करशील?" मी म्हटलं, तुमच्या पिढीला यंत्र मोठं असल्याशिवाय ते काम करतंय असं वाटतच नाही. आणखीही काही म्हटलं, ते आता लिहीत नाही. तुम्ही यादीची घडी करून खिशात ठेवलीत आणि फिरायला गेलात.

चार दिवसांनी तुम्हीच म्हणालात, "तो फोन कसा चालतो ते दाखव." तुम्ही असे होतात, अण्णा. वहीत आकृत्या काढून तुम्ही फोन शिकलात, आणि मग माझ्याही पुढे गेलात. शेवटच्या आजारात हॉस्पिटलातल्या खाटेवर तुम्ही त्याच्यावरच पेपर वाचायचात, माझ्या लेकीचे बालवाडीतले फोटो मोठे करकरून नर्सला दाखवायचात. एका दुपारी तुम्ही फोन छातीवर ठेवलात आणि म्हणालात, "तुझंच खरं झालं. इथं कुठला कॉम्प्युटर आणणार होतो मी?" मी हसले. तुमचंही थोडं खरं होतं, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. सुचलं नाही.

तुम्ही गेल्यावर आई दोन वर्षं जयनगरला एकटी राहिली आणि मग मी तिला मारतहळ्ळीला माझ्याकडे आणलं. सुरुवातीची वर्षं बरी गेली. इथल्या अपार्टमेंटमध्ये पुण्या-नागपूरहून आलेली बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्या हळदीकुंकवात ती रमली. मी तिला चांगला फोन घेऊन दिला. मराठी बायकांचा एक ग्रुप आहे, त्यात ती सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारायची. कोल्हापूरच्या मावशीशी तासन् तास मेसेजवर बोलायची. मग डोळे अधू होत गेले. समोर बघितलं की मधलंच दिसत नाही, कडेचं दिसतं, असा आजार. फोनवरची अक्षरं मोठी केली तर एका वेळी चारच शब्द दिसायचे आणि वाक्य हरवायचं. त्यात तिची बोटं. म्हातारपणी बोटांची टोकं इतकी कोरडी पडतात की पडद्याला स्पर्शच कळत नाही, हे इतकी वर्षं या धंद्यात असूनही मला माहीत नव्हतं. ती दाबत राहायची, काही व्हायचं नाही, मग जोरात दाबलं की भलतंच व्हायचं. मी मोठा टॅब आणला, तरी तेच. बोलून लिहायला शिकवलं, तर म्हणाली, "घरभर ओरडून पत्र लिहायचं का?"

मग फेब्रुवारीत ते घडलं. जयनगरची तिची जुनी मैत्रीण, तिचे यजमान गेले. ग्रुपवर निरोप आला. आईला दोन ओळी लिहायच्या होत्या. तिनं काय दाबलं कुणास ठाऊक, त्या निरोपाखाली तिच्या नावानं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा गेला. तिला ते दिसलंही नाही. दुसऱ्या एका बाईनं फोन करून विचारलं, तेव्हा कळलं. मी लगेच तो पुसला, पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघितला होता. फोन बंद करून आईनं कपाटात साड्यांखाली ठेवला. मैत्रिणीला भेटायला चल म्हटलं तरी गेली नाही. मावशीचे फोन माझ्या फोनवर यायला लागले, आणि आई खुणेनं सांगायची, झोपले म्हण. तीन महिने असं चाललं. खिडकीशी बसायची, खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले, माणसांत ठेवा. मी रोज माणसांना जोडणारी ॲप्स बनवत होते आणि घरातलं एक माणूस मला जोडता येत नव्हतं.

वाट काढली ती तुमच्या नातीनं. ती आता कॉलेजात आहे. तिच्या आयुष्यात टेबलावरचा कॉम्प्युटर कधी नव्हताच. निबंध, अर्ज, चित्रं, सगळं ती दोन अंगठ्यांनी करते. एका दुपारी ती आजीशेजारी बसून कॉलेजचं काहीतरी फोनवर लिहीत होती. आजीनं विचारलं, बघून लिहावं लागतं का गं तुला? ती म्हणाली, मग काय, न बघता कोण लिहितं? आई म्हणाली, "आम्ही लिहायचो. बघितलं की बाई पट्टी मारायच्या."

मला हे माहीत होतं, अण्णा. लग्नाआधी चार वर्षं आई कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती, हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, जसं आजोबांच्या घोड्याबद्दल ऐकलं होतं तसं. लग्न होऊन बेंगळुरूला आली आणि इथं मराठी टायपिंगचं काम कोण देणार, म्हणून ते संपलं. आपण दोघं कॉम्प्युटर राहणार की जाणार यावर भांडत होतो, आणि त्या घरात जिला दहा बोटांनी, न बघता टाइप करता येत होतं ती आत कूट करत होती. माझ्या लेकीनं मात्र हे पहिल्यांदाच ऐकलं आणि तिनं शोधून काढलं की जुन्या मराठी टाइपरायटरवर कळा जशा होत्या तशीच्या तशी मांडणी कॉम्प्युटरवर लावता येते. फोनवर हे शक्य नाही का, मी विचारलं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आई, फोनवर बोटं ठेवणार कुठे?"

म्हणून आम्ही दोघी एस. पी. रोडला गेलो. दुकानदारानं विचारलं, गेम खेळायला हवाय की ऑफिसला? आम्ही म्हटलं, घरासाठी. घरासाठी आता फारसं कुणी नेत नाही, म्हणाला. कुणासाठी? आजीसाठी, असं लेकीनं मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा त्यानं आतून चार-पाच कीबोर्ड आणले आणि त्यातला सगळ्यांत आवाज करणारा, कळा खोल दबणारा आमच्यासमोर ठेवला. अज्जींना हाच आवडेल, म्हणाला. तो काही चुकीचं बोलला नव्हता. घरोघरचे कॉम्प्युटर गेलेच की. माझं भाकीत खरं झालं. मी फक्त कुणाच्या बोटांचा विचार केला नव्हता.

आईनं आधी खुर्ची उंच करायला लावली. मग पाठ सरळ केली, मनगटं उचलली आणि कीबोर्डवर बोटं फिरवून मधली ओळ शोधली. लेकीनं अक्षरं अंगठ्याएवढी केली होती. मी मागे उभी होते. आईनं डोळे मिटले आणि टाइप केलं: महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की. एवढं सलग, पन्नास वर्षांनी, एक काना चुकला. तिनं मान तिरकी करून कडेच्या नजरेनं वाचलं आणि म्हणाली, "काना राहिला." मग ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. नात तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं त्या मैत्रिणीला पत्र लिहिलं. अडीच पानं. लेकीनं ते पाठवलं. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला आणि आईनं दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण एकदा दोघींचं हसणं ऐकू आलं. त्यानंतरचे दिवस घरात त्या कीबोर्डचा खडखडाट चालू आहे. मावशीला आता रोज एक पान जातं.

काल चहा घेताना मी तिला विचारलं, इतकी वर्षं घरात कॉम्प्युटर होता, अण्णांनी तुला कधी बसवलं कसं नाही? मला वाटलं ती तुमच्यावर जरा रागावेल. ती म्हणाली, तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतंत. पण तेव्हा त्यात मराठी उमटत नव्हतं, तिनं नको म्हटलं. मग तुम्ही कुणाकडून तरी मराठी अक्षरांची फ्लॉपी मिळवलीत, पण त्यातल्या कळा भलत्याच जागी होत्या, तिची बोटं अडखळायची, तिनं सोडून दिलं. "मी सोडलं, त्यांनी नाही सोडलं. ते शिकले त्याच्यावर मराठी. तू ऑफिसला गेलीस की लिहीत बसायचे, एका बोटानं." काय लिहायचे, मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. पुरं झालं की वाचून दाखवीन, असं तुम्ही म्हणाला होतात. मग तुमचं आजारपण आलं. तिनं कप खाली ठेवला आणि अगदी सहज म्हणाली, "त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये असेल बघ. घर आवरताना ठेवलं असशील ना तू? काढून दे एकदा. आता मोठ्या अक्षरांत वाचता येईल मला." मी म्हटलं, बघते.

अण्णा, हे पत्र कुठे जाणार नाही हे मला कळतं, म्हणूनच इथवर लिहू शकले. जयनगरचं घर आवरलं तेव्हा तुमच्या फोनमधला एकेक फोटो मी जपून उतरवून घेतला होता. मोडके पंखे आणि रद्दी न्यायला जो माणूस टेम्पो घेऊन आला, त्याला मी कॉम्प्युटर देऊन टाकला. खोळीसकट. तो म्हणाला होता, मॅडम, आत काही असेल तर एकदा बघून घ्या. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, काही नाही त्यात. मी तो सुरूसुद्धा केला नव्हता. हे तुम्हाला सांगितलं. आईला अजून सांगितलेलं नाही.