पोटमाळ्यावर, दुपारी अडीच

५ जानेवारी. सकाळी ८. बाहेर उणे अकरा.
घर विकायचं ठरलं. कारिन ॲरिझोनाहून रोज फोन करून डोकं खाते. "डॅड, अजून किती हिवाळे एकटा काढणार आहेस तिथे?" लेकीपुढे कोणाचं चाललंय! गिऱ्हाईक मिळालंय. घेण्याआधी ते घर तपासून घेणार, पंधरा तारखेला.
मला काय त्याचं? इथे डुलूथ शहरात एकतीस वर्षं मी लोकांची घरं तपासली. मालक दिवाणखाना दाखवायला उभा, मी थेट पोटमाळ्यावर. छपरातून उजेड दिसतो का, फळ्यांवर डाग, काळी बुरशी, खारींच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, न्हाणीघराच्या पंख्याची नळी घराबाहेर निघते की नाही. आज स्वतःचा माळा बघून टाकतो. वीस मिनिटांचं काम.

तोच दिवस. संध्याकाळ.
गुडघा. उद्या नक्की.

७ जानेवारी.
शिडी आणली. माळ्याची झडप बेडरूममधल्या कपाटाच्या छतात आहे. कपाटात आर्डिसचे, माझ्या बायकोचे, कोट. ते काढल्याशिवाय शिडी लागत नाही. घाईत करायचं काम नव्हे. रविवार बरा.

८ जानेवारी. दुपारी २.४०. लख्ख ऊन.
वर पुन्हा सुरू झालं. टक. टक टक. थोडं थांबून टक.
आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून अडीचला घरी यायची. लाकडी तळाच्या चपला, स्वयंपाकघरात अशाच वाजायच्या. ती गेली त्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत हे सुरू झालं. हा तिसरा हिवाळा. ऊन पडलं की अडीचच्या सुमारास.
मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. खार असणार. कॉफी दोन कप केली. सवय.

११ जानेवारी. रविवार.
कोट काढायला घेतले. पहिल्याच्या खिशात खोकल्याची गोळी आणि यादी : दूध, बटाटे, ऑरिनचे मोजे, म्हणजे माझे. पुन्हा होता तिथे लावला.
नवी योजना, जास्त चांगली. झडपेखाली सामान रचायचं. तपासनीस मालकाचं सामान हलवत नाही. 'झडपेपर्यंत पोचता आलं नाही' एवढं लिहितो आणि पुढे जातो. या लबाडीवरून मी पूर्वी मालकांना झापलंय, पण त्यांचं वेगळं होतं. शिलाई मशीन आणि तीन खोकी आत ढकलली. ही आवराआवर आहे.

१४ जानेवारी. उणे एकोणीस. ढगाळ.
वर शांतता. हाडं गोठली म्हणून तासभर गरम पाण्यात बसलो. न्हाणीघराचा पंखा चालू, खिडकी घट्ट बंद. उद्या ऊन सांगितलंय. छताकडे बघून म्हणालो, "उद्या जरा गप्प राहशील का?" खारीला म्हणालो.

१५ जानेवारी.
तपासणीला आली मार्लिस निएमी. नऊ वर्षं माझ्या हाताखाली होती, आता स्वतःचा धंदा. कपाट उघडून खोकी बघितली आणि हसली. "ऑरिन, ही लबाडी ओळखायला तुम्हीच शिकवलंत ना मला?" मी गुडघ्याचं सांगितलं. "वर चढायला मी आहे. गुडघा तुमचा, माझा नाही."
कोटांजवळ मात्र थांबली. काढू का, म्हणून विचारलं. मी मान डोलावली. तिने एकेक कोट काढून पलंगावर ठेवला. एकही हँगर वाजू दिला नाही.
अडीचला ती कमरेपर्यंत माळ्यात, मी खाली शिडी धरून. टक. टक टक. मी वर तोंड केलं. विचारलं, "ऐकू येतंय ना तुला?"
तिने टॉर्च आत फिरवला. मग म्हणाली, "येतंय. पाणी आहे, ऑरिन."
छपराच्या प्रत्येक खिळ्यावर हिम. पंख्याची वाफ वर जाते, गोठते, ऊन पडलं की वितळते. थेंब पडतात ते आर्डिसने नाताळचं सामान ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यांवर. पंख्याची नळी बाहेर निघालीच नव्हती. माळ्यातच मोकळी पडलेली.
पंखा मी बसवला होता. 'नंतर जोडतो' म्हणून. अकरा वर्षं आर्डिस म्हणायची, "तुझा पंखा कुठेच जात नाही रे." आणि आंघोळीच्या वेळी, बाहेर कितीही बर्फ असो, खिडकी उघडायची. मी ओरडायचो. ती गेल्यापासून खिडकी बंदच.
मार्लिस खाली उतरली, तिला हे सांगितलं. "तिच्या खिडकीमुळे टिकलं हो तुमचं छप्पर."

१७ जानेवारी.
मार्लिस येताना ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन आली. नळी भिंतीतून बाहेर काढली. खिळ्यांवरचं हिम खरवडलं. बादलीभर निघालं, मी मोरीत ओतलं. डबे खाली आणले. तिने अहवालात लिहिलं : पोटमाळा, दोष नाही. व्यवहार पक्का. कारिन फोनवर नाचायची बाकी होती. ठरवल्याप्रमाणे सगळं माझ्या देखरेखीखाली पार पडलं.

२२ जानेवारी. दुपारी २.३०. लख्ख ऊन.
कॉफी दोन कप.

२.५०.
काही नाही.

३.१५.
'दोष नाही' हे मी शेकडो लोकांना लिहून दिलं. लोक हात हातात घेऊन आभार मानायचे.

४.००.
दुसरा कपही मीच प्यायलो. आंघोळ केली. पंखा लावला. वाफ सरळ बाहेर गेली. तरी खिडकी उघडली. आता काही गरज नव्हती.